धूळ उडू नये म्हणून

ग्रामसभेत घरकुलांच्या जागेचा ठराव झाला तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत प्रबुद्ध क्रीडा मंडळाचे अध्यक्ष अमृतराव पाईकरावही होते. ठरावात फक्त गट नंबर होता. आमच्याकडे जमीन नंबराने कुणी ओळखत नाही. वडाजवळची, धोंड्याची, खालच्या अंगाची अशी ओळखतात. टाळ्या थांबल्यावर धनसिंग राठोड अमृतरावांच्या कानाशी वाकला.

"अध्यक्ष, ज्याला टाळ्या वाजवल्या ना, ते आपलं मैदान व्हय."

"कोणतं मैदान?"

"आपल्याला हायती किती? एकच."

मी मागच्या ओळीत होतो म्हणून हे मला ऐकू आलं. मी मंडळाचा सचिव होतो. कबड्डी मी आयुष्यात खेळलेलो नाही. गावच्या वाचनालयात नोकरीला आहे, अर्ज बऱ्यापैकी लिहिता येतात, एवढ्या भांडवलावर अमृतरावांनी मला सचिव केलं होतं आणि नाही म्हणणं मला जमलं नव्हतं. धनसिंग पोरांना खेळ शिकवायचा. तो मला नावाने हाक मारत नाही, 'लायब्ररी' म्हणतो.

"लायब्ररी," तो मागे वळून म्हणाला, "पेन काढा आता."

येळसावंगी कळमनुरीहून डोंगरकड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. भोवती सगळी काळी जमीन, सोयाबीन आणि हळदीची. काळीत पीक उभं राहतं, दुसरं काही उभं राहत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात पाय रुतून बसतो, आणि उथळ पायाचं घर बांधलं तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंती चिरतात. गावाच्या वरच्या अंगाला मात्र मुरमाचा एक माळ आहे. त्याच्या एका बाजूला बौद्ध वस्ती, दुसऱ्या बाजूला तांडा आणि मधे मैदान. अमृतराव तरुण होते तेव्हा दोन्हीकडच्या पोरांनी दगड वेचून, मुरूम टाकून, पाणी मारून ते सपाट केलं होतं. म्हणजे घराला लागते तशी टणक जमीन आणि खेळाला लागते तशी टणक जमीन गावात एकाच ठिकाणी होती, आणि घरकुलांना मंजुरी आल्यावर नजर तिकडेच जाणार होती. यात कुणाची लबाडी होती असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मंडळाला बदली जागा देण्याचंही ठरावात होतं. डोंगरकडा रस्त्याला, नाल्यापलीकडे, गायरानाचा एक तुकडा. काळीच.

पोरांचं त्याने फारसं अडणार नव्हतं. त्यांच्याकडे मोटारसायकली होत्या. अडणार होतं पोरींचं. मैदानावर पोरी येत, कारण चुलीपुढून उठून दारात आलं की आईला पोरगी दिसायची. नाल्यापलीकडे त्यांना कुणी पाठवणार नव्हतं. हे इतकं उघड होतं की कुणी बोलूनही दाखवलं नाही.

पोरींचा संघ ऐश्वर्या खंदारेने उभा केला होता. ती कळमनुरीला कॉलेजात जायची. शाळेत असताना ती स्वतः जिल्ह्याच्या संघात खेळली होती, पुढे उंची कमी पडली. मग तिने गावातल्या शाळकरी पोरी गोळा केल्या, वस्तीवरच्या आणि तांड्यावरच्याही. एखादी पोरगी यायची बंद झाली की ऐश्वर्या तिच्या घरी जाऊन ओट्यावर बसायची आणि तिची आई "धाडते बाई, धाडते" म्हणेपर्यंत उठायची नाही. असा गोळा केलेला संघ होता. मैदान गेलं की तो विखुरणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि घरकुलाच्या यादीत तिची आई संध्या होती. नवरा वारल्यापासून मायलेकी दिराच्या अंगणात टिनाच्या खोलीत राहत होत्या. संध्याच्या नावावर जागा नव्हती, त्यामुळे घर मंजूर होऊनही बांधायचं कुठे हा प्रश्न कितीतरी दिवस तसाच होता. तो आता सुटत होता.

मी हरकतीचा अर्ज लिहिला. मुलींच्या वतीने सही करायला ऐश्वर्या माझ्याकडे आली.

"आईला विचारलंस का?" मी म्हणालो.

"तिनं विचारलं का मला, नाव देताना?" ती म्हणाली. मग पेन हातात धरून थांबली. "ती काही बोलतच न्हाई, काका. भांडली असती तर बरं होतं. ताटात भाकर वाढते अन् तिकडं तोंड करून बसते."

तिने सही केली आणि अर्ज पुन्हा एकदा वाचला.

"यात पोरी रोज खेळतात असं लिवलंय ना?"

"लिहिलंय."

"मंग झालं. साहेब येऊन बघतीलच."

साहेब येणार असल्याचं आठवड्याभरात कळलं. तालुक्याहून जागेच्या पाहणीला येणार होते. ही बातमी आल्यापासून अमृतरावांना वेगळाच हुरूप चढला. ते आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना वरिष्ठांच्या भेटीची तयारी कशी करायची, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. त्यांनी मंडळाची बैठक बोलावली.

"मैदानावर आजवर कोणी मोठा माणूस आला न्हाई," ते म्हणाले. "ही पहिलीच येळ. साहेबाला वाटलं पाहिजे, हे लोक जागा किती जपतात."

रोलर मागवला गेला. ग्रामपंचायतीच्या टँकरने पाणी मारलं. कडेची बाभळीची रोपं उपटली. पोरींनी मैदान झाडलं, पोरांनी दोरी धरून फक्कीच्या रेषा मारल्या, इतक्या सरळ की तशा त्या स्पर्धेच्या दिवशीही कधी नव्हत्या. कडेला मंडप आणि खुर्च्या आल्या. आणि रेषा पुसू नयेत म्हणून पाहणीच्या आदल्या दिवसापासून मैदानावर पाय ठेवायचा नाही असं ठरलं.

"मंग आमी खेळायचं कधी?" ऐश्वर्याने विचारलं.

"साहेब गेल्यावर," अमृतराव म्हणाले.

"आबा, साहेब आल्यावर खेळून दावतो ना. तांड्याच्या पोरी एका बाजूनं, वस्तीच्या एका बाजूनं. तांड्याची पुजा तर आजपासूनच तयार होऊन बसली."

"पाहुणा खुर्चीवर बसलेला असंल अन् तू त्याच्या अंगावर धूळ उडवती का?"

"अध्यक्ष," धनसिंग म्हणाला, "कबड्डीत धूळच उडते. अत्तर कुठून आणू मी?"

सगळे हसले. अमृतरावही हसले. पण त्यांचं म्हणणं कुणी खोडलं नाही. पाहुण्यावर धूळ उडवायची कशी, हे खरंच कुणालाही पटलं नसतं. मला थोडं वाटलं होतं की पोरी म्हणतात तसं करावं. पण मला पुष्कळदा पुष्कळ काही वाटतं आणि ते बरोबर असतंच असं नाही, म्हणून मी गप्प राहिलो. शिवाय माझ्याकडे स्वागताचं भाषण लिहायचं काम होतं आणि त्यात 'पदस्पर्श' हा शब्द ठेवावा की नाही यात मी अडकलो होतो.

साहेब दुपारी आले. तरुण, किडकिडीत, बोलायला मऊ. जीपमधून उतरले ते मैदानाच्या कडेला थबकले. फक्कीच्या रेषा पाहून त्यांनी बूट मागे घेतला आणि सगळ्या मैदानाला बाहेरून वळसा घालून ते मंडपात आले. अमृतरावांना ते फार आवडलं.

"माणूस संस्कारी हाय," ते माझ्या कानात म्हणाले.

शाल झाली, पुष्पगुच्छ झाला. पोरी ओळीत उभ्या होत्या, आयांच्या साड्या नेसून. त्यांनी स्वागतगीत म्हटलं. मी भाषण वाचलं. माझा आवाज माइकमधूनही पुढच्या ओळीपर्यंतच पोचतो, त्यामुळे 'पदस्पर्श' कुणाला ऐकू आला असेल असं वाटत नाही. मग चहा.

"इथे रोज कोण खेळतं?" साहेबांनी विचारलं.

"सगळं गाव, साहेब," अमृतराव म्हणाले. "गाव आपलंच हाय."

"मी खेळते," ऐश्वर्या ओळीतून म्हणाली. "आमचा संघ हाय पोरींचा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. जरीकाठाची साडी, केसात अबोलीचा गजरा, हातात रिकामं तबक. "छान, छान," ते म्हणाले. ते मनापासून म्हणाले असावेत. मग त्यांनी मोबाइलवर जागेचे फोटो घेतले. फोटोत माणूस येऊ नये म्हणून अमृतरावांनी सगळ्यांना मागे सारलं.

महिनाभराने पुन्हा ग्रामसभा भरली, शाळेच्या पटांगणात. सरपंच अनुसयाबाई राठोड तांड्यावरच्या. त्यांच्या मागे नवरा बसून बोलतो असं आमच्याकडे नाही. त्यांचा नवरा सभेला आला तर मागे माझ्याजवळ बसतो आणि डुलक्या घेतो. त्यांनी ग्रामसेवकाला पाहणीचा अहवाल वाचायला सांगितला.

जागा समतल, टणक व स्वच्छ आहे. अतिक्रमण नाही, झाडेझुडपे नाहीत. पाहणीच्या वेळी जागेवर खेळ चालू असल्याचे आढळून आले नाही, तसेच आखलेल्या रेषा अखंड असून अलीकडे वापर झाल्याच्या खुणा दिसल्या नाहीत. जागा बांधकामास योग्य आहे.

ग्रामसेवक खाली बसला. त्यात खोटं असं काहीच नव्हतं. मी मनात शब्द न् शब्द तपासून पाहिला.

"अरे, खुणा कशा दिसतील?" अमृतराव उभे राहून म्हणाले. "आमी झाडून घेतलं होतं ना."

आता कुणी हसलं नाही. आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर कळलं असावं. धनसिंगने त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उठला.

"सरपंच, साहेबाचं जाऊ द्या. पोरी खेळतात का न्हाई ते गावाला माहीत हाय. आमचं म्हणणं एवढंच हाय का घरं तिकडं न्या, नाल्याकडं. मैदान हाय तिथं राहू द्या. नाल्यापलीकडं पोरींना कोण धाडंल?"

बायकांच्या बाजूने संध्या उठली. ती सभेत कधी बोललेली मला आठवत नाही. तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि धनसिंगकडे न बघता सरपंचांकडे बघून बोलली.

"नाल्यापलीकडं पोरी धाडायला भ्या वाटतं, बराबर हाय. मलाबी वाटतं. माझी पोरगी हाय त्यात. पण जिथं दोन घंटे खेळायला पोरगी जाऊ शकत न्हाई, तिथं आमी बायांनी लेकरं घेऊन रातंदिस राहायचं का? अन् काळीतलं घर चिरलं तर यादीत माझं नाव दुसऱ्यांदा येणार हाय का?"

ती बसली. तिच्या आजूबाजूच्या यादीतल्या बायकांनीही माना हलवल्या. धनसिंग उभाच होता.

"याला माझ्याकडं पकड न्हाई," तो म्हणाला आणि बसला.

मग ऐश्वर्या उठली. तिचा आवाज खणखणीत आहे. चढाई करताना तांड्याच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जातो. आता तो तेवढा नव्हता.

"सगळं मैदान नको आमाला. पोरांचं मैदान जाऊ द्या तिकडं. पोरींपुरतं राहू द्या. मधे. एवढंसं लागतं."

"पोरांचं जाऊ द्या म्हणती," पोरांतून कुणी तरी म्हणालं. "मोठी आली."

"तुला गाडी हाय, स्वप्निल. पेट्रोल नसंल तर सांग, वर्गणी काढते."

यावर थोडं हसू झालं. अनुसयाबाईंनी ग्रामसेवकाकडून नकाशा घेतला, मांडीवर पसरला, बराच वेळ पाहिला.

"मधे जागा सोडली तर दोन घरं कमी बसतील," त्या म्हणाल्या. "यादीतली शेवटची दोन. त्यांना पुढच्या मंजुरीला धरावं लागंल. ती कधी येईल ते मी सांगू शकत न्हाई." मग नकाशावरून नजर न उचलता म्हणाल्या, "ऐश्वर्या, शेवटची दोन नावं वाचून दावू का?"

वाचायची गरज नव्हती. संध्याचं नाव शेवटून दुसरं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. संध्या जमिनीकडे बघत होती. ऐश्वर्या उभी होती. माझ्या शेजारी सरपंचांच्या नवऱ्याची डुलकी मोडली आणि त्याने मला विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "अजून काही नाही."

"न्हाई," ऐश्वर्या म्हणाली. "नका वाचू." आणि खाली बसली.

ठराव कायम झाला. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

पुढचं पटापट झालं. मंडळाची पाटी अमृतरावांनी स्वतः उतरवली आणि नाल्यापलीकडे नेऊन लावली. मैदानावर दोन ओळी आखल्या गेल्या, समोरासमोर, मधे रस्ता. कुणाला कोणता प्लॉट ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. संध्याचा प्लॉट मधोमध आला. तिच्या बाजूला पद्माबाई आणि समोरच्या ओळीत तांड्यावरचा दिपक राठोड आणि त्याच्या शेजारी म्हातारे सटवाजी. पोरींचा सराव बंद झाला. ऐश्वर्या कॉलेजला जायची आणि सरळ घरी यायची. एकदोनदा ती वाचनालयात येऊन बसली. समोर पेपर धरलेला असायचा, पण पान उलटलेलं मी पाहिलं नाही.

मग पाये आखायचा दिवस आला. मी तिथे का होतो ते मला सांगता येणार नाही. कदाचित अमृतराव एकटे जाऊन उभे राहतील असं वाटलं म्हणून. ते होतेच. गवंडी दोरी ताणून पायांच्या रेषा मारत होता. रेषा फक्कीच्याच होत्या. कबड्डीच्या जुन्या रेषा कुठे कुठे अजून दिसत होत्या आणि नव्या त्यांच्यावरून चालल्या होत्या.

आमच्याकडे घर रस्त्याला भिडवून बांधायची रीत आहे. मागे मोकळी जागा राहिली तर मोरी, चूल, शेळी बांधता येते. आणि घर रस्त्याला भिडवलं की पुढे हळूच ओटा काढता येतो, मग ओट्याला पायरी, मग पायरीला छप्पर. रस्त्यातली हातभर जागा अशी आपली होते. नकाशाही असाच होता. संध्याच्या प्लॉटवर गवंड्याने पुढच्या कडेला दोरी लावली, तेव्हा संध्या म्हणाली, "मागं घ्या."

"किती?"

"पार मागं. मागच्या हद्दीला भिडवा."

"बाई, मंग मोरी कुठं करती?"

"करीन घरातच कोपऱ्यात."

"अन् दारापुढं एवढं आंगण काय करती? लगीन लावती का?"

"पोरी खेळतील," संध्या म्हणाली.

गवंड्याला वाटलं गंमत करते. तिने पुन्हा सांगितल्यावर त्याने दोरी उचलली. दिपक राठोड रस्त्यापलीकडे त्याच्या प्लॉटवर उभा होता. तो इकडे पाहत राहिला. मग त्याने आपल्या अंगणाच्या जागेतून रस्ता ओलांडत संध्याच्या नव्या रेषेपर्यंत पावलं टाकली, परत मोजत गेला, आणि तांड्याच्या दिशेला तोंड करून पोरीला हाक मारली. पुजा पळत आली. बापलेकीत बंजारा बोलीत काही बोलणं झालं. मग दिपकने गवंड्याला सांगितलं, "माझंबी मागं घे."

दोन्ही बाजूंची अंगणं आणि मधला रस्ता मिळून पोरींच्या मैदानाची लांबी होत होती. रुंदीला मात्र दोन्हीकडे एकेक घर आणखी लागत होतं. म्हणजे पद्माबाई आणि सटवाजी.

हे ऐश्वर्याला कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. आईने सांगितलं नसावं. संध्याकाळी मी परत निघालो तेव्हा ती पद्माबाईच्या जुन्या झोपडीच्या दारात बसलेली होती, पोरींच्या आयांकडे बसायची तशी.

"रोज दारात धुराळा," पद्माबाई म्हणत होती. "माझ्या वाळवणाचं काय? मिरच्या घालू का न्हाई मी?"

"सकाळी घाला. आमी सांजच्याला खेळतो."

"अन् मिरच्या लवकर न्हाई निघाल्या तर?"

"आमी काढून देऊ."

"झाडायचं कोणी?"

"आमी."

"सडा?"

"आमीच."

"सणासुदीला आंगण सारवायचं?"

ऐश्वर्याने एक श्वास घेतला. "दिवाळीला अन् बुद्धपौर्णिमेला. मधे न्हाई."

पद्माबाई कबूल झाली. मला वाटतं ती पहिल्यापासून कबूलच होती, पण घासाघीस केल्याशिवाय दिलेल्या वस्तूला किंमत राहत नाही.

सटवाजी एका शब्दात हो म्हणाले. "काहून न्हाई?" ते म्हणाले. "घरात बसून तरी काय करून राहिलो मी. तेवढाच खेळ बघीन."

घरं वर यायला उन्हाळा लागला. तोवर पोरी अंगणात पडलेल्या विटांच्या राशींमधून जागा काढून पकडीचा सराव करत. संघातल्या तिघी गळाल्या. एकीचं लग्न झालं आणि दोघींच्या आयांना ऐश्वर्या ओट्यावर बसून पटवू शकली नाही. पोरांचं मंडळ नाल्यापलीकडे हिवाळाभर खेळलं. उन्हाळ्यात भेगा पडल्यावर बंद झालं. अमृतराव पाटीकडे सकाळी एकदा जाऊन येत आणि संध्याकाळी इकडे येत. इकडे त्यांना काही काम नव्हतं. ते दिपकच्या भिंतीजवळ उभे राहत.

घरं पुरी झाल्यावर सटवाजींनी ओटा बांधला. चांगला रुंद, दगडी, पुढे आलेला. ऐश्वर्या कॉलेजातून आली तेव्हा सिमेंट ओलं होतं.

"बाबा, हे काय केलं?"

"काय केलं? ओटा केला."

"तुमी म्हणले होते आंगण मोकळं सोडतो."

"सोडलं की. हे बघ केवढं सोडलं." सटवाजींनी हात फिरवला. "पण मी बघू कुठून खेळ? खाली बसलं तर मला उठवायला चार पोरी लागतात. तकलीफ तुमालाच होईल."

ओटा मैदानाच्या एका कोपऱ्यात शिरला होता. ऐश्वर्याने फक्कीचा डबा आणला. मग तिने रेषा सरळ आणली, ओट्यापाशी आत वळवली, ओट्याला वळसा घातला आणि पुढे नेली. तेव्हापासून ते मैदान तसंच आहे, एक कोपरा खाल्लेलं. बाहेरगावच्या संघाला तिथे खेळायला बोलावता येत नाही. आमच्या पोरींना मात्र त्या कोपऱ्याची सवय झाली आहे. चढाईला आलेलीला तिकडे ढकलत नेलं की ती ओट्याला अडते. धनसिंग म्हणतो, हा आठवा खेळाडू आहे आणि त्याला कधी थकवा येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी साहेब पुन्हा आले. तेच, किडकिडीत. शेवटच्या हप्त्यासाठी पुऱ्या झालेल्या घरांचे फोटो काढायचे होते. घर आणि घरापुढे घराचा मालक. या वेळी ते येणार असल्याचं आधी कुणाला कळलं नव्हतं. संध्याकाळ होती आणि खेळ चालू होता. पुजा चढाईला गेली होती, सात जणींनी साखळी धरली होती, आणि सटवाजी ओट्यावरून दोन्ही बाजूंना शिव्या देत होते.

साहेब जीपमधून उतरून चालत आले. यादीवर नजर होती. ते संध्याच्या दाराकडे निघाले आणि दारापर्यंत जायला अंगण ओलांडावं लागतं.

"संध्या खंदारे?" त्यांनी विचारलं. "आणि इथलं मैदान होतं ना, ते कुठे गेलं?"

"तुमी त्यातच उभे हाव, साहेब," दिपक म्हणाला.

साहेबांनी खाली पाहिलं. पायाखाली फक्की होती.

"साहेब, रेषेच्या भाईर," ऐश्वर्या म्हणाली. ती साखळीच्या कडेला होती, तिची नजर पुजाच्या पायांवर होती. तिने वळून पाहिलं नाही. "चढाई चालू हाय."

साहेब मागे सरले आणि अमृतरावांच्या शेजारी येऊन उभे राहिले. संध्या दारात आली होती, हात पिठाचे. साहेबांनी मोबाइल उचलला, पण प्रत्येक वेळी मधून कुणी तरी धावत जात होतं. त्यांनी तो खाली घेतला आणि थांबले. तेवढ्यात पुजाची पकड झाली, सगळ्या एकमेकींवर कोसळल्या आणि मैदानावरून धुळीचा एक लोट उठून आमच्या अंगावर आला. साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, अमृतरावांच्या, माझ्याही.

अमृतरावांनी खिशातून रुमाल काढला. तो साहेबांच्या खांद्यापर्यंत नेला. मग तसाच परत खिशात ठेवला.

"ह्या रोज खेळतात का?" साहेबांनी विचारलं.

"व्हय," अमृतराव म्हणाले. "रोज."